राणी कलर आणि हिरवा काठ

वय वाढत जातं तसे कपाटातले रंग कमी होत जातात. पन्नाशीत राणी कलर मागे पडतो, साठीत डाळिंबी आणि गर्द हिरवा. सत्तरीनंतर उरतात ते बिस्किटी, मोतिया, राखी, फिकट आकाशी. फार तर अबोली. असं फर्मान कुणी काढलेलं नसतं. लेक आईसाठी साडी घ्यायला जाते आणि ‘जरा सोबर दाखवा’ म्हणते. मुलगा वडिलांसाठी शर्टपीस घेतो तो क्रीम. दुकानदारही ‘कुणासाठी? आजींसाठी?’ एवढं विचारतो आणि त्याचा हात न सांगता फिक्या गठ्ठ्याकडे वळतो. सगळ्यांच्या मनात मायाच असते. तरी त्या माणसाच्या अंगावरून, अंथरुणावरून, खोलीच्या भिंतींवरून रंग एकेक करून उतरवला जातो.

मला हे फार दिवसांपासून खटकतंय. मी ठाण्यातल्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली, त्यामुळे रंगाच्या बाबतीत माझं मन हळवं आहे. पण आता या खटकण्याला भक्कम कारणही मिळालंय. म्हातारपणी मेंदू रंगांना कसा प्रतिसाद देतो यावर झालेलं एक संशोधन वाचलं, आणि नौपाड्यातल्या आमच्या घरात ऐंशीला टेकलेल्या आईबरोबर जे रोज दिसत होतं त्याचा अर्थ लागत गेला.

संशोधन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधलं. यानेके फान लेउवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं, २०२४ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये छापून आलेलं. त्यांनी १७ तरुण माणसं घेतली, सरासरी वय २७.७ वर्षं, आणि २० वयस्क, सरासरी ६४.४ वर्षं. सगळी धडधाकट. त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून समोर एकामागून एक २६ रंग दाखवले, प्रत्येक रंग ५ सेकंद. आणि मोजलं काय, तर डोळ्याची बाहुली किती आवळते ते, सेकंदाला हजार वेळा टिपणाऱ्या कॅमेऱ्याने.

उजेड वाढला की बाहुली आवळते हे आपण आरशात पाहिलेलं असतं. पण उजेड तेवढाच ठेवून रंग नुसता जास्त तीव्र केला, तरीही बाहुली आवळते. या प्रयोगातली गंमत तिथे आहे. माणूस ‘हो, दिसतोय की हिरवा’ असं सांगेल, समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही सांगेल. बाहुली त्याच्या सांगण्यावर चालत नाही. रंग उजळ आहे की काळपट, याला तरुण आणि वयस्क दोघांच्याही बाहुल्यांनी सारखाच प्रतिसाद दिला. पण रंगाच्या तीव्रतेला वयस्कांच्या बाहुल्या कमी आवळल्या. आणि सगळ्यात ठळक फरक पडला तो दोन रंगांत: हिरवा आणि मॅजेंटा. मॅजेंटा म्हणजे आपला राणी कलर, किंवा त्याच्या अगदी शेजारचा.

उजळपणा आणि तीव्रता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आठवीतल्या मुलांना समजावताना मी त्यांना एक पट्टी करायला लावायचे. पॅलेटवर किरमिजी पोस्टर कलर घ्यायचा. मग काळा-पांढरा मिसळून एक राखाडी बनवायचा, पण डोळे किलकिले करून पाहिल्यावर किरमिजीइतकाच उजळ वाटेल असा. हे जमायलाच अर्धा तास जायचा. त्यानंतर किरमिजीत तो राखाडी थेंबाथेंबाने घालत सात चौकोन रंगवायचे. पहिला चौकोन ओरडून बोलावणारा, दुसरा जरा शांत, तिसरा मळकट, आणि शेवटचा नुसता राखाडी. उजळपणा सातही चौकोनांत तेवढाच, आणि तीव्रता मात्र उतरत उतरत संपली. मुलं पट्टी लांब धरून बघायची आणि म्हणायची, ‘बाई, रंग म्हातारा झाला.’ आम्ही सगळे हसायचो. आता ते वाक्य आठवलं की वाटतं, तो रंग नव्हता म्हातारा होत.

राणी कलरची आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला मला फार आवडायची. हा रंग इंद्रधनुष्यात नाही. तांबडा एका टोकाला, निळा-जांभळा दुसऱ्या टोकाला, मध्ये हिरवा. राणी कुठेच नाही. त्याची स्वतःची अशी एक तरंगलांबी नसते. डोळ्यात लाल प्रकाश आणि निळा प्रकाश एकदम शिरले आणि मधला हिरवा गैरहजर असला, तर मेंदू त्या दोघांना जोडून हा रंग तयार करतो. म्हणजे तो डोक्याच्या आत जन्मतो. म्हणून रंगचक्रावर हिरवा आणि राणी समोरासमोर बसतात, आणि म्हणूनच राणी कलरच्या साडीला हिरवा काठ इतका खुलतो. आपल्या विणकरांना हे प्रयोगशाळेशिवाय कळलं होतं. आणि वय वाढताना मेंदूचा प्रतिसाद सगळ्यात जास्त उतरतो तो नेमका या जोडीला. ते वाचताना मी थोडा वेळ थांबले.

आता डोळ्याचं म्हणून जे काही होतं, ते आधी सांगायला हवं, कारण लोक सगळं मोतीबिंदूच्या खात्यावर टाकतात. डोळ्यातलं भिंग ही शरीरातली अजब चीज आहे. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आपण जन्माला येण्याआधी तयार झालेली असतात आणि ती पुन्हा कधीच बदलली जात नाहीत. कातडी नवी येते, रक्त नवं येतं, हा गाभा मात्र जुनाच. वर्षानुवर्षं उजेड खाऊन तो पिवळसर होत जातो, आणि पिवळं भिंग निळ्या-जांभळ्या प्रकाशाला अडवतं. त्यात वयाबरोबर बाहुलीही लहान राहायला लागते. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या वाट्याला येतो. आईने ‘दिवा लाव ना’ म्हटलं की ‘लावलाय की’ असं आपण म्हणतो. तिच्यासाठी तो पुरता लागलेलाच नसतो.

तरी पांढरं तिला पांढरंच दिसतं. या बाबतीत मेंदू फार कष्टाळू आहे. भिंग वर्षाला कणभर पिवळं होतं, आणि मेंदू दरवर्षी तेवढीच दुरुस्ती करून घेतो. पांढरं कशाला म्हणायचं याचा हिशेब तो सतत नव्याने मांडतो, त्यामुळे माणसाला आपलं जग पिवळं झालंय याचा पत्ताच लागत नाही.

आमच्या आईला तो लागला, कारण तिच्या दोन डोळ्यांची ऑपरेशनं काही आठवड्यांच्या अंतराने झाली. उजव्या डोळ्यात नवं भिंग, डाव्यात जन्मापासूनचं. पट्टी सुटल्यावर घरी आली, बाल्कनीत उभी राहिली आणि आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून समोरच्या इमारतीकडे बघत बसली. उजव्या डोळ्याने भिंत पांढरीफटक, निळसर झाक मारणारी. डाव्या डोळ्याने तीच भिंत चहा सांडल्यासारखी. ‘अगं, मी इतकी वर्षं ही भिंत बघत होते?’ ती म्हणाली. मग तिने सगळं घर असं एकेका डोळ्याने तपासलं. गॅसची ज्योत तिला कित्येक वर्षांनी निळी दिसली. कुंडीतल्या गोकर्णीला ती ‘ते काळपट फूल’ म्हणायची. त्या दिवशी तिने ते तोडून तळहातावर घेतलं आणि उजवा डोळा लावून खिडकीपाशी कितीतरी वेळ न्याहाळलं. मला हाक मारून दाखवलं. मला रोज दिसतच होतं ते.

दुसऱ्या डोळ्याचंही झालं, आणि काही महिन्यांत तो निळसरपणा तिच्या बोलण्यातून गेला. भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. अमेरिकेतल्या संशोधकांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माणसांना कोणता रंग ‘ना हा, ना तो’ असा वाटतो हे पुन:पुन्हा मोजून दाखवलंय: तो बिंदू आधी सरकतो आणि मग काही महिन्यांत जवळजवळ मूळ जागी परत येतो. मेंदू इतक्या उतारवयातही नवा हिशेब शिकतो, याचा मला फार आधार वाटतो. क्लोद मोने या चित्रकाराला मोतीबिंदू असल्याचं १९१२ साली कळलं, उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली ती १९२३ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. त्यानंतर जग फार निळं दिसतं, फार पिवळं दिसतं अशा तक्रारी करत, रंगीत काचांचे चष्मे बदलत तो चित्रं काढत राहिला. १९२६ मध्ये गेला तोपर्यंत.

पण नवं भिंग बसवलं म्हणजे सगळं तरुण झालं असं नाही. लंडनच्या संशोधकांचा मुद्दा तिथून पुढचा आहे. त्यांच्या मते डोक्याच्या मागच्या भागात, डोळ्यांकडून आलेला संदेश मेंदूच्या सालीत जिथे पहिल्यांदा पोहोचतो, त्या प्राथमिक दृष्टिकेंद्रातच रंगाच्या तीव्रतेला मिळणारा प्रतिसाद वयाबरोबर उतरतो. रंग हे शेवटी मेंदूचं काम आहे. डोळे शाबूत असूनही मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झाली तर माणसाला सगळं करडं दिसायला लागल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. पोस्टीरियर कॉर्टिकल अॅट्रॉफी नावाच्या दुर्मीळ स्मृतिभ्रंशातही रंग ओळखण्याची पंचाईत होते. वयाने उतरणारा प्रतिसाद हा आजार नव्हे. तो केस पांढरे होण्याइतका सर्वांचा आहे, आणि केसांसारखा दिसत नाही म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

याची खूण मला सापडली ती जांभळी नाक्याच्या बाजूच्या एका मॅचिंगच्या दुकानात. बाहेरच्या माणसाला ही दुकानं कळायची नाहीत. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, आणि तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर टू-बाय-टूचे, रुबियाचे तागे एकावर एक; पिस्त्यापासून बाटली हिरव्यापर्यंत एकट्या हिरव्याचीच अख्खी भिंत. खालच्या खोक्यांत फॉलच्या गुंडाळ्या. काउंटरवरचे काका सत्तरीचे असतील. साडीचा पदर हातात घेतात, बोटांत चुरगाळतात, फळ्यांकडे न बघता मागे हात करून एक तागा ओढतात आणि तो साडीवर टाकून म्हणतात, ‘बाहेर चला.’

बाहेर म्हणजे फुटपाथवर, उन्हात. दुकानातल्या ट्यूबखाली जे दोन रंग तंतोतंत जुळतात, ते उन्हात भांडतात. ट्यूबच्या उजेडात सगळ्या तरंगलांबी सारख्या प्रमाणात नसतात. साडीचं रेशीम एका रसायनाने रंगवलेलं, रुबिया दुसऱ्याने, आणि अपुऱ्या उजेडात दोघं एकसारखे वाटतात. काका हे शब्दांत सांगत नाहीत. ते तागा सूर्याकडे धरून अंगठ्याने काठाची घडी उलगडतात, मान हलवतात, आत जातात, दुसरा आणतात. फॉल असो, ब्लाउजपीस असो, उन्हात पास झाल्याशिवाय कात्री लागत नाही. वयाने त्यांच्याही डोळ्यांत पिवळेपणा आला असेल. पण त्यांची नजर रंग लक्षात ठेवून जुळवत नाही, शेजारी-शेजारी ठेवून जुळवते, आणि शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींतला फरक ओळखणं हे फार चिवट कौशल्य आहे.

एकदा आईला घेऊन गेले होते. तिच्या साडीला त्यांनी काढलेला ब्लाउजपीस मला चपखल वाटला. आई म्हणाली, ‘अजून जरा चढता नाही का?’ मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, ‘मावशी, तुमच्या वयाच्या सगळ्या हेच म्हणतात. एक शेड वरचीच मागतात. बरोबर आलेल्या मुली खाली आणतात.’ आणि त्यांनी चढत्या शेडचा तागा आईसमोर ठेवला.

एक शेड वर. लंडनच्या संशोधकांनीही सुचवलंय की वयाबरोबर माणसांची रंगांची आवड का बदलते आणि काही वयस्क मंडळींना ठसठशीत रंगांचे कपडे का आवडतात, याचं एक कारण हे असू शकेल. आवाज कमी येतो म्हणून माणूस रेडिओ मोठा करतो, तेव्हा त्याला आपण छचोर म्हणत नाही. रंगाच्या बाबतीत मात्र ‘या वयात हे काय’ असं लगेच म्हणतो. आईला हवा असलेला राणी कलर मला जेवढा दाट दिसतो तेवढा तिला दिसत नसेल. मला जो ‘शोभेसा’ वाटतो तो तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर माझ्या वर्गातल्या पट्टीचा पाचवा-सहावा चौकोन झालेला असेल.

मागच्या हिवाळ्यात तिला ऐरोलीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायला नेलं. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीच्या केंद्रातून भरतीची वेळ बघून बोट सोडतात. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत, मधे गढूळ पाणी, लांब चिखलावर एक फिकट पट्टा. तो पट्टा म्हणजे शेकडो पक्षी. आई म्हणाली, ‘पांढरेच तर आहेत.’ बोटीतल्या कॉलेजच्या मुली मात्र ‘कसले पिंक आहेत!’ म्हणत फोन काढत होत्या. मी मधल्या वयाची. मला गुलाबी दिसत होतं, पण त्या मुलींइतकं नाही हे त्यांच्या आनंदावरून कळत होतं. मग बोट थोडी जवळ गेली आणि थवा उठला. रोहित उडाला की पंखाखालचा लालभडक भाग उघडतो आणि त्याला काळी किनार असते. ते दिसल्याबरोबर आईने माझा दंड धरला. ‘आता दिसले!’ रंग पुरेसा तीव्र झाला, शेजारी काळा आला, आणि तो तिच्यापर्यंत पोहोचला.

बोटीवरच्या माणसाने तिला सांगितलं की यांची पिल्लं राखाडी असतात. शेवाळ आणि बारीक कोलंबीसारखे जीव खाऊन, त्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यामुळे, पुढच्या काही वर्षांत त्यांना रंग चढतो. ‘म्हणजे यांचं बरं आहे,’ आई म्हणाली. ‘मोठे होतात तसे रंगतात.’

रंग म्हातारपणाला शोभत नाही ही समजूत मुळात आपल्याच थरातली, शहरी पांढरपेशी. चेंदणी कोळीवाड्यातल्या सत्तरीच्या आजीकडे बघा: लुगड्यावर मोठमोठी फुलं, नारिंगी, मोरपंखी, आणि अंबाड्यात वर खरं फूल. पालखीबरोबर चालणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचं मुंडासं किती गडद गुलाबी असतं! त्यांना कुणी सोबर राहायला सांगत नाही. आपल्या घरांत मात्र रंग उतरवण्यामागे आणखी एक गोष्ट असते, आणि ती मोठ्याने बोलायला हवी. नवरा गेलेल्या बाईच्या अंगावरून हिरवा रंग आधी जातो. चुडा जातो, कुंकू जातं, मग हिरवी साडी ‘कशाला उगीच’ होते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. गावाने करून दाखवलं ते शहरातल्या बंद फ्लॅटमध्ये व्हायचं बाकी आहे. बाबा गेल्यावर आईच्या कपाटातला हिरवा कधी गेला हे आम्हा भावंडांपैकी कुणालाही सांगता येणार नाही.

या वर्षी तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. साडीवरून घरात बैठक झाली. मामी म्हणाली मोतिया, सोनेरी काठ. आत्या म्हणाली फिकट जांभळा चालेल. आई गप्प बसून ऐकत होती. मी तिला विचारलं, ‘तुला कुठली हवी?’ तिने एका दमात सांगितलं, ‘राणी कलर. काठ हिरवा. आणि हिरवा म्हणजे हिरवा, शेवाळी नको.’ आत्याने भुवया उंचावल्या. मग मामी म्हणाली, ‘अहो, वन्संना दिसायला तर हवी ना त्यांची साडी.’ मी मामीला बाहुल्यांचा प्रयोग कधी सांगितला नव्हता. तिला तो सांगावा लागलाच नाही.

साडी आली. आईने ती खिडकीपाशी नेऊन उलगडली.

एवढ्यावर हा विषय आमच्या घरात थांबला नाही, कारण त्या संशोधनाची दुसरी बाजू रोजच्या कामाची आहे. तीव्रतेला प्रतिसाद उतरतो, उजळपणाला तेवढा उतरत नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दोन वस्तू वेगळ्या दिसाव्यात असं वाटत असेल, तर नुसता रंग वेगळा ठेवून भागत नाही. एक उजळ आणि एक काळपट हवी. बॉस्टनमध्ये अल्झायमरच्या पुढच्या टप्प्यातल्या ९ रुग्णांवर एक प्रयोग झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झालेला. पांढऱ्या ताटल्या-पेल्यांऐवजी त्यांना गडद लाल भांड्यांत वाढलं, तर खाणं सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं आणि पातळ पदार्थ पिणं ८४ टक्क्यांनी. माणसं थोडी होती, तरी त्यामागचं कारण कुठल्याही स्वयंपाकघरात पटेल असं आहे. आपण काय करतो? पांढऱ्या मेलामाइनच्या ताटलीत दहीभात. वर साखर. माझ्या काकांना स्मृतिभ्रंश आहे. काकू त्यांना आता गडद निळ्या ताटलीत वाढते, आणि भाताची कड कुठे संपते ते त्यांच्या चमच्याला सापडतं. आमच्याकडे पलंगाची चादर गडद केली, औषधांचा डबा पांढऱ्या ओट्यावरून उचलून काळ्या ट्रेमध्ये ठेवला, बाथरूममध्ये पांढऱ्या टाइल्सवर पांढरी दांडी होती तिला गडद निळी टेप गुंडाळली. न्हाणीघरातून ‘दांडी कुठेय गं?’ अशी हाक येणं बंद झालं.

आता जिन्याचं काम हातात घेतलंय. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत आणि चालूच राहतील. तोवर पाच-सहा घरांतली वयस्क मंडळी रोज हा जिना चढतात-उतरतात. पायऱ्या कोटा लादीच्या, मळून काळपट झालेल्या. कुणीतरी मागे चांगल्या मनाने त्यांच्या कडा रेड ऑक्साइडने रंगवल्या होत्या. तरुण डोळ्यांना लाल कड स्पष्ट दिसते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी फोनवर जिन्याचा फोटो काढला, तो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि फोन सगळ्यांच्या हातांत फिरवला. लाल कड नाहीशी झाली होती. अख्खा जिना एकसारखा करडा. लालचा उजळपणा आणि लादीचा उजळपणा एकच, म्हणून. मग दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका, जे गेल्या पावसाळ्यात शेवटच्या पायरीवर घसरले होते, म्हणाले, ‘मला हा जिना असाच दिसतो.’ पुढे फार चर्चा झाली नाही.

ठराव झाला: कडेला चार बोटं रुंद पिवळा पट्टा, रस्त्यावर मारतात तो न घसरणारा रंग, आणि प्रत्येक मजल्यावर एक जादा दिवा. माझे दोन जुने विद्यार्थी मदतीला येणार आहेत. रविवारी सकाळी वरच्या मजल्यापासून सुरुवात. आधी सगळ्या पायऱ्यांचा डावा अर्धा भाग, तो वाळला की सोमवारी उजवा, म्हणजे दूधवाला, पेपरवाला आणि जोशीकाकांचं सकाळचं फिरणं अडणार नाही.